छत्रीतला पंप

एप्रिलच्या उन्हात सायकलला ही लांबडी काळी छत्री कशाला बांधतेस गो, असं बायजाला कुणी विचारलं की ती म्हणायची, "ऊन लागतं." आणि पायडल मारून निघून जायची. चालत्या सायकलवर छत्री कोण उघडणार, हा प्रश्न आमच्या खोऱ्यात दोन वर्षं कुणाला पडला नाही. बायकांच्या सामानाकडे नीट पाहायची पुरुषांना सवय नसते. आम्ही बायका त्या सवयीच्या आधारावर निम्मा संसार करतो.

मी नूतन. शिवथरला घळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. येणारे भाविक माझ्याकडे पिठलं-भाकरी खातात, चहा पितात आणि जाताना डोंगराचे फोटो काढतात. त्या डोंगराच्या माथ्यावर धनगरवाडा आहे, तिथे बायजाचं घर. तिथवर सायकल जात नाही. पायवाट आहे, तीसुद्धा अशी की शेळी विचार करून पाय टाकते. म्हणून बायजाची सायकल माझ्या मागच्या पडवीत असते. रोज सकाळी ती दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन डोंगर उतरते, कॅनखाली कापडाची चुंबळ. माझ्या चहाचं दूध आधी मापते, मग कॅन सायकलच्या कॅरियरला बांधते, चुंबळ हँडलला अडकवते आणि खालच्या गावांतल्या घरांना आणि चहाच्या टपऱ्यांना रतीब घालत जाते.

हा रतीब पूर्वी तिचा नवरा गणू घालायचा. म्हशींना पाल्याचा टाहळ तोडायला झाडावर चढला आणि पडला, तेव्हापासून त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. बसून धारा काढतो, म्हशी राखतो, पण रोज डोंगर उतरून चढणं त्याच्याच्याने होत नाही. तेव्हा सगळे धरून चालले होते की रतीब आता थोरला भाऊ येसाजी घेणार. येसाजीकडे मोटरसायकल आहे, आवाज आहे आणि दोन्हीचा त्याला गर्व आहे.

बायजाने कुणाला न विचारता सायकल शिकायचं ठरवलं. सायकल होतीच. तळीयेला दरड कोसळली त्या पावसाळ्यात मदतीच्या गाड्या तालुकाभर फिरत होत्या. त्यातल्या एका गाडीतून शाळेच्या मुलींसाठी सायकली उतरल्या आणि एक बायजाच्या लेकीला, अनुष्काला मिळाली. पुढे अनुष्का शिकायला महाडला वसतिगृहात गेली. सायकल माझ्या पडवीत कोंबड्यांना बसायला उरली.

"वैनी, तुमाला येते ना चालवायला?" बायजाने मला एक दिवस विचारलं.

येते म्हणजे काय, तुडीलच्या नदीकाठी आम्ही पोरी सायकलवरून उंडारायचो. माझं माहेर तुडीलचं, तिथे सावित्रीच्या काठाला सपाटी आहे. लग्न होऊन या खोऱ्यात आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आमच्यात बायका सायकलवर बसत नाहीत. त्यानंतर मी हँडलला हात लावला नव्हता. त्याचा राग माझ्यात किती वर्षं कुजत पडला होता हे मला बायजाला शिकवताना कळलं. भात कापून रिकामं झालेल्या शेतात मी तिच्यामागे पळत होते, लुगड्याचा काच्या मारलेली चाळिशी उलटलेली बाई ढेकळांवर पडत होती, पुन्हा उठत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होते. ओरडताना मला फार बरं वाटत होतं.

ती रतीब घालायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी वाड्यावर गावकी बसली.

थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, ही तिकडची रीत. त्यामुळे येसाजी जे काही म्हणाला ते गणूकडे बघून म्हणाला. "गणू, तुझ्या बायकोला सांग. रस्त्यात पंक्चर झाली तर ही काय करनार? कुनाच्या टेम्पोत बसनार? कुना परक्या मानसाच्या मागं बसून येनार? वाड्याची अब्रू हाय का नाय?"

बायजाच बोलली. "पंक्चर झाली तर माझं मी बघंन."

गावकीतले सोनबा तात्या सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी तंबाखू मळता मळता मधला मार्ग काढला. ज्या दिवशी बायजाची सायकल हातात धरून ओढत आणली जाईल किंवा कुणाच्या गाडीत घालून येईल, त्या दिवसापासून रतीब येसाजीचा. तोवर तिने घालावा. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांना वाटलं की पावसाळ्याआधीच निकाल लागेल.

"चालंल," बायजा म्हणाली.

हे तिने मला दुसऱ्या दिवशी दूध मापताना सांगितलं आणि वर विचारलं, "वैनी, तुमच्याकडं दोन जाड चमचे हायत का? मोडले तरी चालतील असे."

चमचे टायर काढायला हवे होते. खाली हमरस्त्याला भरतचं पंक्चरचं दुकान आहे, तिथे ती रोज त्याच्या चहाचं दूध देते. तिथे उभं राहून तिने काय काय बघितलं देव जाणे. त्याच्याकडून तिने सोल्युशनची ट्यूब, रबराची ठिगळं, घासायचा पॉलिश पेपर आणि एक आखूड पंप मिळवला. भरतने कुणाला सांगितलं नाही. त्याचं गिऱ्हाईक कमी होत होतं तरी सांगितलं नाही, म्हणून मी अजून त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नाही.

पडवीत एक फाटकी ट्यूब घेऊन आम्ही दोघी बसलो. पहिली तीन ठिगळं सुटली. चौथं बसलं ते ट्यूबला नाही, बायजाच्या अंगठ्याला. पण सामान ठेवायचं कुठे हा खरा पेच होता. माझं म्हणणं होतं, कॅरियरला डबा बांध आणि मिरवत जा. बायजा नको म्हणाली. "त्यांना कळलं तर अजून एक अट घालतील. मंग त्यातनं सुटायचं अजून एक सामान मी कुठनं आणू?"

शिवाय आमच्या खोऱ्यात ज्याच्याकडे पंप आहे असं लोकांना कळतं त्याला पुढे सुट्टी नसते. अख्खं गाव आपापली चाकं घेऊन दारात येतं. आणि जुनी माणसं म्हणतात, पंक्चरचं सामान घेऊन निघणं म्हणजे पंक्चरला आवतण देणं. असल्या आवतणांची तिला भीती नव्हती, पण ती ऐकत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता.

तिने चुंबळ उसवली. आत चमचे, ठिगळं, सोल्युशन आणि पॉलिश पेपर घालून पुन्हा गुंडाळून टाके घातले. एक टोक सैल ठेवलं. बाईच्या डोक्यावरची चुंबळ कुठला पुरुष हातात घेणार? ती जागा तिजोरीपेक्षा सुरक्षित होती. पंप मात्र चुंबळीत मावेना. तो तिने मिटलेल्या छत्रीच्या पोटात, काड्यांच्या मध्ये सरकवला आणि वरून छत्रीला दोरी आवळली. छत्री सायकलच्या दांडीला बांधली. आम्ही दोघी लांब उभ्या राहून बघितलं. काही दिसत नव्हतं.

आता एक अडचण राहिली. धनगरवाड्याच्या कड्यावर एक सपाट धोंडा आहे. पुरुष मंडळी म्हशी सोडून तिथे बसतात आणि खाली खोऱ्यातला रस्ता त्यांना ताटात वाढल्यासारखा दिसतो. येसाजी तर अट ठरल्यापासून त्या धोंड्यावरच राहायला गेला होता. सायकल उलटी टाकून ती रस्त्यात बसली असती तर वरून लगेच दिसलं असतं, आणि कुणीतरी खाली उतरून ओढायला लावलं असतं.

पहिलं पंक्चर झालं ते नेमकं उघड्या रस्त्यावर. मागचं चाक बसलं. बायजा उतरली नाही. तशीच चाकाच्या लोखंडावर खडखडत ओढ्यावरच्या मोरीपर्यंत गेली, रस्ता सोडला आणि सायकलसकट मोरीखाली उतरली.

पुढची गंमत मला गणूने एकदा खाली आला तेव्हा सांगितली. तो वर धोंड्यापाशीच म्हशी राखत होता. बाईमाणूस रस्ता सोडून मोरीखाली उतरली म्हटल्यावर येसाजी आणि त्याच्यासोबतचे दोघे, तिघांनीही तोंडं फिरवली. मर्यादेची माणसं. डोंगराकडे बघत बसली. ती वर रस्त्याला येईपर्यंत एकानेही मान वळवली नाही. बायजाने खाली सावलीत कॅन ठेवला, टायर सोडवला, ओढा कोरडा होता म्हणून ट्यूबमध्ये जरा हवा भरून, ती गालाशी धरून वारा कुठून येतो ते हुडकलं, ठिगळ लावलं, हवा भरली आणि वर येऊन रतीब घातला. वाड्याच्या अब्रूनेच तिची अब्रू राखली. गणू मला हे सांगताना इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला.

मग ती नेहमी तसंच करायला लागली. पंक्चर झालं की मोरी गाठायची, नाहीतर करवंदीची जाळी. धोंड्यावरची मंडळी बिचारी माना वळवून वळवून दमली असतील. येसाजी म्हणायचा, ही सायकल कशी काय पंक्चर होत नाय, परदेशी हाय का काय. आणि मी चहा गाळत ऐकायची.

दोन वर्षांनी घात झाला तो छत्रीने.

आम्ही चुंबळीचा विचार केला होता, छत्रीचा केला नव्हता. आमच्याकडे छत्री ही कुणा एकाची नसते. दारात दिसली ती घ्यायची, काम झालं की परत आणून ठेवायची, आणि परत आणली नाही तरी कुणी बोलत नाही. हे ठाऊक असून आम्ही दोघींनी ते ध्यानात घेतलं नाही. एका दुपारी येसाजी सोनबा तात्यांना मोटरसायकलवरून एका लग्नाला घेऊन चालला होता. चहाला माझ्याकडे थांबले. बायजा नुकतीच परतली होती, पडवीत कॅन धूत होती. सायकल बाहेर उभी. तात्यांना पलीकडच्या घरी एक निरोप द्यायचा होता, ऊन मी म्हणत होतं. त्यांनी सायकलची छत्री सोडली आणि अंगणात उघडली.

पंप तात्यांच्या पायावर पडला.

तात्या पाय धरून बसले. येसाजीने पंप उचलला, उलटापालटा करून बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून उजाडताना मी पाहिलं. मोरी, जाळी, तोंडं फिरवून घालवलेल्या सगळ्या वेळा.

"तात्या," तो म्हणाला, "इचारा तिला, ह्यो काय प्रकार हाय."

"पंप हाय," बायजा म्हणाली. "हवा भरायचा."

"गावकीला फसवलंन," येसाजी म्हणाला. "दोन वरसं फसवलंन."

रविवारी गावकी बसली, ती माझ्या अंगणात. सायकल तिथे होती आणि तात्यांना सुजलेल्या पायाने डोंगर चढवत नव्हता. गणू काठी टेकत टेकत खाली आला होता. झाडून सगळे पुरुष सतरंजीवर बसले, बायजा पडवीच्या खांबाशी उभी. मी सगळ्यांना चहा दिला, पण गोड केला नाही.

येसाजीने मागणी केली की अट मोडली, रतीब आता त्याचा.

"अट काय हुती?" बायजा म्हणाली. "सायकल हातानं ओढत आली तर. गाडीत घालून आली तर. आली का कवा? कुनी बघितली?"

सतरंजीवरच्या माना तात्यांकडे वळल्या.

"पंक्चर व्हायची नाय, अशी अट मी घेतलीच नव्हती. पंक्चर सगळ्यांची व्हते. मोटरसायकलीची पन व्हते. तवा ती टेम्पोत घालून आनतात, आमी काय गावकी बसवत नाय."

मागे कुणीतरी हसलं. येसाजीचा आवाज चढला. "गणू, इचार तिला. खरं हुतं तर लपवलंन कशाला?"

बायजा गणूकडे बघायला थांबली नाही. "दाखवलं असतं तर तुमी अट बदलली असती."

सतरंजीवर जरा चुळबुळ झाली. खरं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनी कपाळ चोळलं. एवढ्यावर मिटलं असतं, पण येसाजीच्या शेजारी बसलेल्या कोंडाजीला राहवलं नाही. तो येसाजीचा मेव्हणा. "बाईच्या हातानं टायर निघतो व्हय?" तो म्हणाला. "मोरीखाली हिला कोन भेटत हुतं ते आधी इचारा."

गणू काठीवर भार देऊन उठला. माझ्या हातात चहाची किटली होती आणि ती कोंडाजीच्या डोक्यात घालावी की पायावर ओतावी एवढाच विचार माझ्या मनात होता. मी खोटं सांगणार नाही, मी एक पाऊल पुढे टाकलंही.

"वैनी," बायजा म्हणाली, "दाभण द्या."

पोती शिवायचा दाभण माझ्याकडे खुंटीलाच असतो. मी दिला. ती अंगणाच्या मधोमध गेली, सायकल स्टँडला लावली आणि सगळ्यांच्या देखत मागच्या टायरात दाभण खुपसला, मुठीने आतवर ढकलला. फुस्स करून चाक बसलं.

"आता बगा," ती म्हणाली. "आज तोंडं फिरवू नका."

तिने चुंबळ सोडली. एक-दोन म्हातारे सवयीने मान वळवणार होते, पण थांबले. ती मांडी घालून मातीत बसली. माझे चमचे टायरात घातले, ट्यूब बाहेर ओढली, उरलीसुरली हवा दाबत गालाशी धरली, भोक हुडकलं. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घातली. घाई केली नाही. सोल्युशन सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने कोंडाजीकडे बघण्यात घालवला. त्याने आधी चहात बघितलं, मग चपलेत. मग तिने ठिगळ दाबलं, टायर चढवला आणि येसाजीपुढे हात केला. पंप त्याच्याच मांडीवर होता. त्याला तो द्यावा लागला.

हवा भरून झाल्यावर वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती नवऱ्याकडे वळली.

"अवो, बसा मागं."

गणू बघतच राहिला. बायकोच्या सायकलवर, गावकीसमोर.

"बसा. ठिगळ वजन पेलतं का नाय ते कळू दे त्यांना."

गणूने काठी माझ्याकडे दिली. ताठ पाय एका बाजूला सोडून दुधाच्या कॅनच्या जागी बसला. बायजाने पायडल मारलं, जरा हेलकावली, सावरली, आणि नवऱ्याला घेऊन रस्त्याला लागली. पुलापर्यंत जाऊन परत आली. गणूचं तोंड लाल झालं होतं, पण छाती पुढे होती. त्या वेळी मला रडू आलं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना दाखवलं असतं.

"रतीब तिचा," सोनबा तात्या म्हणाले. "आनि कोंडाजी, तू उठ आनि तिची माफी माग." मग पायाकडे बघून म्हणाले, "पंप मात्र छत्रीत ठेवू नको गो."

कोंडाजीने कसंबसं काहीतरी पुटपुटलं. येसाजी चहा अर्धा टाकून निघून गेला. तो अजून बायजाशी बोलत नाही, पण तो आधीही बोलत नव्हता.

पंप आता सायकलच्या दांडीला उघडा बांधलेला असतो, अनुष्काच्या शाळेच्या लाल रिबिनीने. मी म्हटलं होतं तसंच झालं, खोऱ्यातली निम्मी चाकं बायजाच्या वाटेवर उभी असतात. ती पंप देते, पण हवा ज्याची त्याने भरायची. चुंबळीत आता काही नसतं, ती नुसती डोक्याला असते.

गावकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध मापून निघाली तेव्हा मी रस्त्यापर्यंत तिच्यामागे गेले. वर कड्यावर धोंड्यावर माणसं बसलेली दिसत होती. मोरीच्या अलीकडे रस्ता अगदी उघडा आहे, झाड नाही की झुडूप नाही. तिथे बायजा उतरली. सायकल रस्त्याच्या मधोमध उभी केली, पंप सोडला, तोंड डोंगराकडे केलं आणि सावकाश हवा भरायला लागली. अजूनही ती रोज तिथे उतरते.

हवा कमी नव्हती. निघण्याआधी मीच दोन्ही चाकं दाबून पाहिली होती.